तापातली पगारी रजा

ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला, त्या दिवसांत आदिलाबादेतील माझ्या दवाखान्यातील परिचारिका अंगात ताप असूनही कामावर आली. खाडा केला तर रोज बुडेल, ही तिची भीती. आणि तो नियम माझाच होता. समोर तान्ही बाळे होती. त्याच दिवशी मी आजारपणाची पगारी रजा सुरू केली.

इन्फ्लुएंझाचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या १ दिवस आधीपासून पुढे साधारण ५ ते ७ दिवस संसर्ग पसरवू शकतो. म्हणून दवाखाना असो वा कापसाचे जिनिंग, तापकऱ्याला वेतनासह घरी पाठवावे. औषधाविना ताप उतरून २४ तास होईपर्यंत बोलावू नये. दरवर्षी लस, खेळती हवा, हात धुण्यास साबण, हे हवेच. परंतु भाकरीची हमी मिळाल्याखेरीज आजारी माणूस घरी थांबत नाही.