खसखशीच्या दाण्यात एक एकर ज्वारी

भिंगार मागे टाकून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की पौषात दोन्ही बाजूंना ज्वारी उभी असते. रब्बीच्या ज्वारीला दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन ताटांत १५ सेंटिमीटर अंतर धरतात. म्हणजे एकरी साठ हजारांच्या आसपास ताटं. आता माणसाच्या मेंदूत चेतापेशी ८,६०० कोटी. एका पेशीला एक ताट द्यायचं म्हटलं, तर चौदा लाख एकर पेरावे लागतील. आपला अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सगळ्यात मोठा, तरी बेचाळीस लाख एकरांचाच. चौकात चहाला थांबलेल्या तीन जणांच्या मेंदूंतच तो संपतो. चौथ्याने बीड जिल्ह्यात जागा बघावी.

शिवाय ही ताटं सुटी नाहीत. प्रत्येक ताटापासून सरासरी हजारावर दोरे निघून दुसऱ्या ताटांना बांधलेले आहेत. त्यातही गंमत अशी की, ८,६०० पैकी ६,९०० कोटी पेशी मागच्या बाजूच्या लहान मेंदूत आहेत, आणि त्याचं वजन मात्र सगळ्या मेंदूच्या दहाव्या हिश्शाएवढं.

हे मोजलं कुणी? वर्षानुवर्षं पुस्तकांत १०,००० कोटी हा गोल आकडा छापला जात होता. ब्राझीलमध्ये सुझाना हर्क्युलानो-हाउझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली मोजदाद छापली. पद्धत दूध संकलन केंद्रात बसणाऱ्या माणसाला लगेच कळेल. कॅन नीट ढवळायचा, थोडा नमुना घ्यायचा, त्यावरून सगळ्या कॅनची फॅट ठरवायची. त्यांनी मेंदूचे भाग रसायनात घोटून पातळ केले. पेशी फुटतात, पण त्यांची केंद्रकं शाबूत राहतात. मग ते ढवळून थेंबातली केंद्रकं सूक्ष्मदर्शकाखाली मोजली. असे मेंदू किती घोटले? चार. ५० ते ७१ वयाच्या चार पुरुषांचे. बाई एकही नाही. आज जगभर सांगितला जाणारा ८,६०० कोटींचा आकडा मुळात या चार माणसांच्या मेंदूंवर उभा आहे.

या शास्त्रात असंच चालतं. मोजायच्या गोष्टी कोटींत आणि ‘माझा मेंदू घ्या’ म्हणणारी माणसं बोटांवर.

दुसरा हिशेब तर याहून भारी. अमेरिकेत ४५ वर्षांच्या एका बाईची अपस्माराची शस्त्रक्रिया झाली. बिघडलेल्या भागापर्यंत पोचताना वाटेतला थोडा धडधाकट भाग काढावा लागला. एरवी तो टाकूनच दिला असता. त्यातला एक घन मिलिमीटर, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढा तुकडा, हार्वर्ड आणि गुगलच्या संशोधकांनी पाच हजारांवर कापांत चिरला आणि २०२४ साली त्याचा नकाशा छापला. त्या दाण्यात सगळ्या प्रकारच्या मिळून ५७,००० पेशी निघाल्या, म्हणजे जवळजवळ एकरभर ज्वारी. पेशींमधले सांधे १५ कोटी. रक्तवाहिन्या सरळ केल्या तर २३ सेंटिमीटर, चांगली वीतभर! आणि या सगळ्याची चित्रं १,४०० टेराबाइटची. १२८ जीबीचे अकरा हजार मोबाईल काठोकाठ भरतील. मेंदूत असे दाणे बारा लाखांच्या घरात. गुणाकार करून पाहिला, तर एका मेंदूसाठी जगातल्या प्रत्येकाच्या हाती, तान्ह्या बाळासकट, दीड मोबाईल द्यावा लागतो.

नुसत्या यंत्राने हे काम निभत नाही. फळमाशीच्या मेंदूत १,३९,२५५ चेतापेशी. २०२४ साली तिचा पूर्ण नकाशा आला. यंत्राने काढलेल्या रेघा तपासायला माणसांचे जे तास गेले, त्यांची बेरीज ३३ वर्षांची. त्यात संशोधकांबरोबर हौशी लोकही होते. २०१२ साली ‘आयवायर’ नावाचा संगणकावरचा खेळ निघाला. त्यात उंदराच्या डोळ्यातल्या पेशी रंगवत जायच्या. तो खेळता खेळता हात बसलेली ही मंडळी.

‘सी हिरो क्वेस्ट’ हा २०१६चा मोबाईल खेळ चाळीस लाखांवर लोकांनी खेळला. बोट हाकायची, वाट शोधायची. खेळाचं निमित्त होतं. तपासायचं होतं ते वाटा लक्षात ठेवण्याचं कसब, कारण स्मृतिभ्रंशात तेही लवकर ढासळू शकतं. निष्कर्ष आपल्याकडे सांगण्यासारखा आहे: शहराबाहेर वाढलेल्यांना वाट बरी सापडते. आखीव चौकोनी रस्त्यांच्या शहरात वाढलेले मागे पडतात. म्हणजे आपल्या लष्करी कॅम्पातले पट्टीने आखल्यासारखे रस्ते एकीकडे आणि भिंगार गावठाणातल्या गल्ल्या दुसरीकडे. माझं मत गल्ल्यांच्या बाजूने आधीपासूनच होतं.

भारतातही साठी ओलांडलेल्या अंदाजे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात २०१८पासून ४५ वर्षांवरच्या दहा हजार खेडूतांची स्मरणशक्ती, रक्त, मेंदूची चित्रं वर्षानुवर्षं तपासत राहायचं काम बेंगळुरूच्या सेंटर फॉर ब्रेन रिसर्चने हाती घेतलंय. आयआयटी मद्रासने २०२४ साली गर्भातल्या मेंदूचा नकाशा सर्वांसाठी खुला केला. त्यात ५,१३२ काप आणि मेंदू पाच. नकाशाचं नाव ‘धरणी’.

यात आपल्याला हातभार लावायचा तर? देहदान आता आपल्याकडे ऐकून माहीत असतं. विळद घाटातलं मेडिकल कॉलेजही जवळच. पण तिथे देह जातो तो मुख्यतः विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी. मेंदूपेढी ही निराळी गोष्ट. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये ती १९९५पासून आहे. तिथे मेंदू मृत्यूनंतर काही तासांत पोचावा लागतो, आणि भिंगारपासून बेंगळुरू सरळ रेषेतच साडेसातशे किलोमीटरच्या आसपास. इच्छा आहे, पण अंतर आडवं येतं. जिवंतपणीचा सहभाग त्या मानाने सोपा. देशात चालू असलेल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही, सीटीआरआय, मोबाईलवर कुणालाही फुकट चाळता येते.

हे सगळं मी टपरीवर एका निवृत्त फौजी काकांना सांगत होतो. ते म्हणाले, “आपला काय उपयोग? आपलं डोकं ठणठणीत.”

“काका, श्रीनिवासपूरला ठणठणीत लोकच हवे होते. बिघाड सुरू होण्याआधीपासून बघत राहायचं, तर आधी बरा माणूस लागतो. तुमच्यासारखा.”

काकांनी बशीतला चहा संपवला.

“एकर किती म्हणालास?”

“चौदा लाख.”

“आणि सातबारा कुणाच्या नावावर राहणार?”