‘शोधाधारित’ आणि ‘सर्वांगीण’: सिनॉप्सिसमध्ये अडकवणारे दोन शब्द

पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझ्या सिनॉप्सिसचं शीर्षक होतं, ‘आंतरराष्ट्रीय शाळेतील शोधाधारित शिक्षणाचा उच्च प्राथमिक विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासावर होणाऱ्या परिणामाचा अभ्यास’. वाचायला भारदस्त वाटतं ना? मलाही वाटलं होतं. समितीसमोर गेले आणि पाच मिनिटांत दोनच प्रश्न आले: शोधाधारित म्हणजे नेमकं काय? आणि सर्वांगीण कशाने मोजणार? माझ्याकडे उत्तर नव्हतं. सिनॉप्सिस परत आला, सहा महिने गेले.

तुमचे सहा महिने जाऊ नयेत म्हणून हा लेख.

आधी ‘सर्वांगीण’ घेऊ. आंतरराष्ट्रीय शाळा म्हटलं की इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आयबीचं नाव येतंच. ही संस्था 1968 साली जिनिव्हात सुरू झाली. 11 ते 16 वयोगटासाठीचा तिचा ‘मिडल इयर्स प्रोग्रॅम’ 1994 पासून चालू आहे. यात आठ विषयगट आहेत: भाषा आणि साहित्य, दुसरी भाषा, व्यक्ती आणि समाज, विज्ञान, गणित, कला, शारीरिक व आरोग्य शिक्षण आणि डिझाइन. प्रत्येक गटाला वर्षाला किमान 50 तास द्यावे लागतात. म्हणजे परीक्षा जवळ आली म्हणून चित्रकलेचा तास गणिताला द्यायचा, असं सहजासहजी करता येत नाही. प्रत्येक विषयात चार निकष, प्रत्येक निकषाला जास्तीत जास्त 8 गुण. विज्ञानातला एक निकष माहितीचा, दुसरा प्रयोग आखण्याचा, तिसरा निष्कर्ष तपासण्याचा, चौथा विज्ञानाचा समाजावर काय परिणाम होतो याचा.

इथे बघा, ‘सर्वांगीण’ हा शब्द तास आणि निकष यांत उतरला. याला आपण कार्यात्मक व्याख्या म्हणतो. ती पटलीच पाहिजे असं नाही. पण निदान तिच्याशी वाद तरी घालता येतो. माझ्या सिनॉप्सिसमधल्या ‘सर्वांगीण’शी वादसुद्धा घालता येत नव्हता!

आता ‘शोधाधारित’. एका शाळेत सहावीचा तास बघायला गेले होते. बाईंनी प्रत्येक गटाला दोरा आणि लोखंडी नट दिले आणि फळ्यावर प्रश्न लिहिला: लंबकाच्या एका झोक्याला लागणारा वेळ कशावर अवलंबून असतो? वर्ग आनंदात होता. एका गटाने दोरा लांब केला आणि त्याच वेळी दोन नट जास्त लावले. झोका मंद झाला. निष्कर्ष: ‘जड लंबक हळू हलतो.’ चूक! फरक दोऱ्याच्या लांबीने पडला होता, वजनाचा त्यात हात नव्हता. पण दोन चल एकदम बदलल्यावर मुलांना ते कळणार कसं?

बाई त्या गटापाशी गेल्या. उत्तर सांगितलं नाही. एवढंच विचारलं, ‘तुम्ही किती गोष्टी बदलल्या?’ मुलं एकमेकांकडे बघायला लागली आणि पुन्हा कामाला लागली. हा एक प्रश्न वगळला असता तर तो तास शोधाधारितच म्हटला गेला असता आणि मुलं चुकीची गोष्ट शिकून घरी गेली असती.

नेमक्या याच मुद्द्यावर डेव्हिड क्लार आणि मिलेना निगम यांनी 2004 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तिसरी-चौथीच्या 112 मुलांना उतारावरून चेंडू सोडायला दिले. ‘एका वेळी एकच चल बदला’ हे काही मुलांना उदाहरणं देऊन समजावलं, बाकीच्यांना स्वतः शोधायला सोडलं. समजावलेल्या गटातल्या 77 टक्के मुलांना ते जमलं, सोडून दिलेल्या गटातल्या फक्त 23 टक्क्यांना. मात्र जी थोडी मुलं स्वतःहून शिकली, तीही पुढे दुसऱ्यांच्या विज्ञान-पोस्टरमधल्या चुका शोधताना मागे पडली नाहीत.

म्हणजे शोधाधारित शिक्षण फसवं का? थांबा, घाई नको. एरिन फुर्टाक आणि सहकाऱ्यांनी 1996 ते 2006 या काळातले 37 अभ्यास एकत्र तपासले. शोधाधारित शिक्षणाचा एकूण परिणाम चांगलाच दिसला, पण शिक्षकाने दिशा दिलेल्या वर्गात तो जास्त होता. हीदर बांची आणि रँडी बेल यांनी 2008 साली चार पायऱ्या मांडल्या: माहीत असलेलं पडताळणं, दिलेल्या पद्धतीने उत्तर शोधणं, प्रश्न दिलेला पण पद्धत आपली, आणि प्रश्नही आपला, पद्धतही आपली. क्लार-निगम यांच्या मोकळ्या सोडलेल्या मुलांना आणि त्या सहावीच्या बाईंच्या वर्गाला एकाच शब्दात कोंबलं, तर निकाल परस्परविरोधी येणारच.

अजून एक खड्डा, ज्यात मी पडणारच होते. माझा बेत होता आंतरराष्ट्रीय शाळा आणि जिल्हा परिषदेची शाळा यांची तुलना करायचा. गाईड मॅडम म्हणाल्या, ‘अगं, पद्धतीबरोबर फी, घरातली पुस्तकं, आईवडिलांचं शिक्षण, वर्गातली संख्या, सगळंच बदलतंय की!’ म्हणजे मीसुद्धा दोरा आणि नट एकदम बदलत होते.

शिवाय शोध ही महागड्या शाळांची मक्तेदारी नाही. मध्य प्रदेशात 1972 साली होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम 16 ग्रामीण शाळांत सुरू झाला, इयत्ता सहावी ते आठवीसाठी. मुलं गटात प्रयोग करायची, शेतात फिरून नोंदी घ्यायची, आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती. पुढे तो शेकडो सरकारी शाळांत पोचला आणि 2002 साली बंद झाला. पद्धत आणि शाळेची फी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा याहून चांगला पुरावा कुठला?

आता तुमचं काम. आयबीच्या वर्गात प्रत्येक घटकासाठी तीन प्रकारचे प्रश्न काढतात: तथ्याचा, संकल्पनेचा आणि वादाचा. तुमच्या विषयावर असे तीन लिहून बघा. माझे असे झाले: या वर्गात प्रश्न कोण ठरवतं? मार्गदर्शन आणि सूचना यांत फरक काय? मुलाला किती वेळ चुकू द्यावं?

मग शीर्षकातला प्रत्येक मोठा शब्द घ्या आणि स्वतःला विचारा: वर्गात मागच्या बाकावर बसले तर हे मला डोळ्यांनी दिसेल का, कानांनी ऐकू येईल का? नसेल, तर तो शब्द अजून मोजण्याजोगा झालेला नाही.

माझा नवा विषय एकाच शाळेतल्या सहावीच्या दोन तुकड्यांपुरता आहे: प्रयोग चुकल्यावर शिक्षक काय विचारतात आणि त्यानंतर मुलं प्रयोगात काय बदलतात. भारदस्त अजिबात वाटत नाही. पण या वेळी समितीने विचारलं, ‘हे कसं मोजणार?’ तेव्हा माझ्याकडे निरीक्षणाचा तक्ता तयार होता.