एका चुलीवर किती माणसं?

वेस्ट बँकेतल्या रामल्ला शहरात एखाद्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दार वाजतं. बाहेर टॅब्लेट घेऊन सांख्यिकी कार्यालयाची मुलगी उभी असते. तिला आत बोलावलं जातं, कॉफी पुढे येते आणि प्रश्नावली सुरू होते. या घरात राहतं कोण कोण?

प्रश्न बाळबोध वाटतो. कुटुंबाला अरबीत ‘उसरा’ म्हणतात. सर्वेक्षणाच्या हिशेबात उसरा म्हणजे एकत्र राहणारी आणि खाण्यापिण्याची सोय एकत्र करणारी माणसं. रक्ताचं नातं असलंच पाहिजे असं नाही. आपल्या भाषेत, एका चुलीवर जेवणारे. पण पॅलेस्टिनी घरात ही मोजणी लगेच अडखळू शकते. थोरला मुलगा इस्रायलमध्ये बांधकामावर आहे, आठवडाभर तिकडेच झोपतो; तो या चुलीवरचा की नाही? धाकटा तुरुंगात आहे, त्याचं काय? सून जेरुसलेमची. तिच्याकडे तिथल्या रहिवाशाचं निळं ओळखपत्र आहे आणि ते टिकवायचं तर तिचं बिऱ्हाड शहरातच असल्याचं इस्रायली अधिकाऱ्यांना पटवून द्यावं लागतं. परक्या बाईसमोर ती मुक्काम कुठला सांगेल?

दारिद्र्याचे, बेकारीचे, उपासमारीचे आकडे आपण वर्तमानपत्रात वाचतो, ते सगळे या पहिल्या यादीवर उभे असतात. म्हणून पॅलेस्टिनी कुटुंबांची पाहणी हा नुसता आकडेशास्त्राचा विषय कधीच राहिला नाही.

मोजणीबद्दलचा संशयही जुना आहे. जून १९६७च्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक आणि गाझा ताब्यात घेतले आणि काही महिन्यांतच तिथली जनगणना उरकली. संचारबंदी लावून, माणसांना घरात बसवून. वेस्ट बँकेत सुमारे ६ लाख आणि गाझात साडेतीन लाखांहून थोडी अधिक माणसं भरली. त्या दिवशी जे घरात नव्हते, म्हणजे युद्धात पळालेले, शिकायला किंवा नोकरीला परदेशी गेलेले, त्यांची नोंद झाली नाही आणि त्यांचा तिथे राहण्याचा हक्कही गेला. मोजणाऱ्याला दार उघडावं की नाही, हा प्रश्न तेव्हापासून त्या समाजाच्या मनात घर करून आहे.

त्यानंतर पंचवीस वर्षांनी आलेली एक पाहणी मात्र वेगळ्याच कारणाने इतिहासात गेली. नॉर्वेतल्या ‘फाफो’ या संशोधन संस्थेने १९९२मध्ये गाझा, वेस्ट बँक आणि अरब जेरुसलेममधल्या सुमारे अडीच हजार कुटुंबांच्या राहणीमानाचा अभ्यास केला. पहिला इंतिफादा, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धचा पॅलेस्टिनी उठाव, अजून धुमसत होता. अशा दिवसांत घर, शिक्षण, आरोग्य, काम, घरातल्या वस्तू यांबद्दल विचारत दारोदार फिरणं सोपं नव्हतं. मारियान हायबर्ग आणि गायर ओवेनसेन यांच्या नावाने हा अहवाल १९९३मध्ये आला.

पण त्याआधीच त्याने दुसरं एक काम करून टाकलं होतं. फाफोचे प्रमुख तेर्ये रोड-लार्सन यांची या अभ्यासाच्या निमित्ताने दोन्हीकडच्या माणसांत ऊठबस झाली होती. जानेवारी १९९३मध्ये ऑस्लोजवळच्या सार्प्सबोर्ग गावाबाहेर एका जुन्या वाड्यात इस्रायली प्राध्यापक याईर हिर्शफेल्ड व रॉन पुंडाक आणि पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे अहमद कुरेई भेटले, तेव्हा बाहेर सांगायला कारण तयार होतं: राहणीमानावरचा परिसंवाद! याच गुप्त बैठकांतून इस्रायल आणि मुक्ती संघटना यांच्यातला ऑस्लो करार निघाला आणि १३ सप्टेंबर १९९३ रोजी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि संघटनेचे प्रमुख अराफत यांनी हात मिळवले. घरात फ्रीज आहे का, मोरी आहे का, अशा प्रश्नांच्या आडोशाने एवढा मोठा करार शिजला, हे एखाद्या कादंबरीकाराने लिहिलं असतं तर आपण ओढूनताणून म्हटलं असतं.

पॅलेस्टिनींचं स्वतःचं केंद्रीय सांख्यिकी कार्यालयही १९९३चंच. तेव्हा पूर्ण देश सोडाच, धड सरकारही नव्हतं. तरी डिसेंबर १९९७मध्ये या कार्यालयाने पहिली पॅलेस्टिनी जनगणना केली. तेव्हाचे प्रमुख हसन अबू लिब्दे यांनी तिला ‘नागरी इंतिफादा’ म्हटलं होतं. लोकसंख्या २९ लाखांच्या आसपास निघाली. पुढची गणना २००७मध्ये झाली आणि तिसरी २०१७मध्ये. या तिसऱ्या गणनेत आकडा ४७ लाख ८० हजारांवर पोचला.

एक कोपरा मात्र तेव्हाही निसटला. पूर्व जेरुसलेमचा जो भाग इस्रायलने स्वतःत सामील केला आहे, तिथे पॅलेस्टिनी प्रगणकांना इस्रायलने बंदी केली. कार्यालयाच्या तक्त्यांत त्या भागाला ‘जे-१’ म्हणतात आणि शहराभोवतालच्या उरलेल्या जिल्ह्याला ‘जे-२’. जे-१साठी जनगणनेला अंदाजावर भागवावं लागलं. अनेक तक्त्यांखाली एक छोटी तळटीप असते, हा भाग वगळून. एका शहराचं सगळं भांडण त्या एका ओळीत मावलेलं आहे.

आता पैशाकडे येऊ. ‘महिन्याला किती मिळवता?’ या प्रश्नाला जगात कुठेही सरळ उत्तर मिळत नाही. म्हणून खर्च मोजायचा. निवडलेल्या कुटुंबाकडे महिनाभर एक वही ठेवली जाते. आज किती भाकरी आणल्या, टॅक्सीला किती गेले, रोजची नोंद. पाहणी करणारी मधूनमधून येऊन वही तपासते. घरच्या झाडाच्या ऑलिव्हचं तेल विकत घेतलेलं नसतं, पण खाल्लेलं असतं. त्याचीही किंमत धरावी लागते. दुनुमभर जमीन असली, म्हणजे आपल्याकडचे साधारण दहा गुंठे, तरी तिच्यातून घरात येणारा वाटा खर्चात मोजला जातो. पाहणी वर्षभर पसरवतात, कारण रमजानचा महिना आणि एरवीचा महिना यांच्या वह्या सारख्या निघत नाहीत.

अशा वह्यांमधूनच २०१७ची दारिद्र्यरेषा निघाली. दोन मोठी माणसं आणि तीन मुलं यांच्या कुटुंबाला महिन्याला २,४७० शेकेल. अन्न, वस्त्र, निवारा एवढंच धरलं तर १,९७४ शेकेल, ती अतिदारिद्र्याची रेषा. पहिली रक्कम त्या वेळच्या दराने ४५ हजार रुपयांच्या घरात जाते, आणि मराठी वाचकाची भुवई इथे नक्की वर जाईल. पण तिथलं चलन इस्रायलचं आहे. १९९४च्या पॅरिस करारानुसार जकातीची चौकटही इस्रायलशी बांधलेली. दुकानातले भाव इस्रायली बाजाराच्या मागे धावतात, पगार मात्र धावत नाही. इस्रायलमध्ये मजुरी करणाऱ्याला वेस्ट बँकेतल्या मजुराच्या दुपटीहून अधिक रोज मिळायचा. त्यामुळे एका परवान्यावर अख्खी चूल चालायची.

या रेषेखाली २०१७मध्ये २९ टक्के पॅलेस्टिनी होते. पण ही सरासरी फसवी आहे: वेस्ट बँकेत १४ टक्के आणि गाझात ५३. एकाच प्रश्नावलीतून जणू दोन देश बाहेर आले.

गाझात तर प्रश्नांचीच कसोटी लागते. ‘घरात नळ आहे का?’ या प्रश्नाला २०२३च्या युद्धाआधी बहुतेकांचं उत्तर हो असायचं. तक्त्यात ते छानच दिसतं. पण जमिनीखाली समुद्राचं खारं पाणी आणि सांडपाणी शिरल्याने तिथलं ९६ टक्क्यांहून अधिक भूजल पिण्यालायक नव्हतं. पिण्याचं पाणी टँकरवाल्याकडून विकत घ्यावं लागे. फ्रीजचंही तेच. तो घरात असायचा, पण २०१७च्या उत्तरार्धात वीज दिवसाला चारेक तास यायची. वस्तूंच्या यादीत फ्रीजसमोर खूण होते, दूध मात्र नासतं. चांगली पाहणी करणारी माणसं म्हणूनच ‘आहे का’वर थांबत नाहीत, कुठून येतं, किती तास येतं, कितीला पडतं, हेही विचारतात. दुसऱ्या इंतिफाद्यात, २००१पासून, सांख्यिकी कार्यालयाने नाकेबंदीचा घरांवर काय परिणाम झाला याच्या पाहण्या सुरू केल्या. त्यात कसं भागवता, हेच मुख्य विचारणं होतं. उधारीवर? दागिने विकून? बिलं थकवून?

मोजणीतून राजकारण कसं डोकावतं, ते लेबनॉनमध्ये फार लख्ख दिसतं. पंथांच्या संख्येच्या तोलावर उभ्या असलेल्या त्या देशात बहुतांशी सुन्नी पॅलेस्टिनी निर्वासितांचा आकडा म्हणजे दारूगोळा. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या, उन्र्वाच्या, वह्यांत २०१०मध्ये सव्वाचार लाख नावं होती. त्या वर्षी बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठाने उन्र्वासोबत कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा प्रत्यक्ष राहणारे २ लाख ६० हजार ते २ लाख ८० हजार निघाले. बाकीचे कधीच परदेशी गेलेले. राहिलेल्यांपैकी दोनतृतीयांश गरीब होते, आणि त्याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही: अनेक व्यवसायांची दारं त्यांना बंद आणि २००१च्या कायद्याने घरजागा विकत घ्यायलाही मनाई. पुढे २०१७मध्ये लेबनॉनच्या आणि पॅलेस्टिनी सांख्यिकी कार्यालयांनी मिळून छावण्या व वस्त्यांची शिरगणती केली. तिथे राहणारे १,७४,४२२ भरले. इतकी वर्षं ज्या संख्येची भीती घातली जात होती, तिच्या निम्म्याहून कमी.

ऑक्टोबर २०२३मध्ये युद्ध पेटल्यावर गाझात या साऱ्या पद्धतीच कोलमडल्या. नमुना निवडायचा तो इमारतींच्या नकाशावरून. इमारतीच राहिल्या नाहीत. बहुतेक सगळी वस्ती विस्थापित, काही कुटुंबं तर अनेकदा हललेली. दोन-तीन उसरा एका तंबूत, नाहीतर एक उसरा चार ठिकाणी. वेस्ट बँकेतही इस्रायलमधले परवाने एका फटक्यात बंद झाले आणि जिथे बेकारी १३ टक्क्यांच्या आसपास होती, तिथे ती तिशीपार गेली.

अशा परिस्थितीत ३० डिसेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या आठवड्यात रामल्लातल्या खलील शिकाकी यांच्या संशोधन केंद्राची माणसं गाझात तंबूंमधून आणि निवाऱ्यांमधून फिरली. सोबत लंडनमधले अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पॅगट यांचा गट होता. शिकाकींना मोजणीची किंमत ठाऊक आहे. २००३मध्ये निर्वासितांच्या परतीच्या हक्कावरची त्यांची पाहणी काहींना रुचली नाही, तेव्हा जमावाने त्यांच्या कार्यालयात घुसून अंडी फेकली होती.

या वेळी २,००० कुटुंबं गाठायची होती. उत्तर गाझात, गाझा शहरात आणि रफाहमध्ये जाता येत नव्हतं. तिथून बाहेर पडलेल्यांनाच गाठून त्या भागांबद्दल विचारलं गेलं. घराची व्याख्या इथे बदलावी लागली. आज कोणाबरोबर जेवता, याला अर्थ उरला नव्हता. म्हणून ६ ऑक्टोबर २०२३ला, युद्धाच्या आदल्या दिवशी, त्या घरात कोण कोण होतं याची यादी करायची आणि मग एकेका नावापुढे विचारायचं: आहे, मेला, बेपत्ता, तुरुंगात? अशी ९,७२९ माणसं नोंदवली गेली. त्यावरून निघालेला अंदाज असा, की ५ जानेवारी २०२५पर्यंत सुमारे ७५ हजार लोक हिंसेत मारले गेले. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या तेव्हाच्या आकड्यापेक्षा हा बराच मोठा होता.

यादी पूर्ण झाली की आणखी एक प्रश्न असायचा. त्या तारखेनंतर या घरात कोणी जन्मलं का?