गुडघ्याला मानवेल ती गाडी

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त शिक्षक पत्नीला घेऊन दवाखान्यात आले. दोघेही सत्तरीच्या घरातले. बाईंचे दोन्ही गुडघे सहा-सात वर्षांपासून दुखतात. मात्र त्या दिवशी तक्रार गुडघ्यांची नव्हती. गुरुजी म्हणाले, "डॉक्टर, हिने घराबाहेर पडणंच सोडलंय. भाचीच्या लग्नाला आली नाही, देवळात येत नाही. मुलाने एवढी नवी गाडी घेतली, तर म्हणते मला नको कुठे जायला. काही मनाचा आजार तर नसेल?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "मनाला काही झालेलं नाही. गाडी छान आहे हो, पण तिच्यातून उतरायचं म्हणजे विहिरीतून वर यायचं. चार माणसांनी हात धरून ओढून काढायचं, ते लोकांसमोर नको वाटतं."

आजाराचे निदान बाईंनीच केले होते. मुलाने हौसेने घेतलेली गाडी लांबलचक, मागे मोठी डिकी असलेली आणि बैठकीला अगदी जमिनीलगत होती. गाडी घेताना आपण किंमत, मायलेज आणि रंग पाहतो. घरातले सर्वांत दुखरे गुडघे तिच्यात कसे चढणार-उतरणार, हे मात्र क्वचितच कोणी पाहतो. आज त्याविषयी थोडे बोलू.

खाली बसले की काय होते?

साधे चालतानाही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट भार येतो. गुडघा जितका जास्त वाकलेला, तितका उठताना मांडीच्या स्नायूंना जोर अधिक लावावा लागतो आणि गुडघ्याची वाटी खालच्या हाडावर अधिक दाबली जाते. म्हणूनच पाटावरून उठणे खुर्चीवरून उठण्यापेक्षा जड जाते.

ठेंगण्या गाडीत हा त्रास आणखी वाढतो. बैठक खाली, छत उतरते आणि दाराचा उंबरठा मध्ये. त्यामुळे माणूस मान वाकवतो, कंबर पिळतो आणि एका पायावर सगळे वजन घेऊन स्वतःला आत सोडून देतो. उतरताना हीच कसरत उलटी, तीही चढावर. वाकणे आणि पिळणे एकाच वेळी झाले की मणक्यांमधल्या चकत्यांवर ताण येतो. कंबरदुखीचे अनेक रुग्ण सांगतात, "गाडीत बसेपर्यंत बरा होतो, उतरताना चमक भरली." त्याचे कारण बहुधा इथे असते.

मधल्या उंचीचा फायदा

यावर उपाय म्हणजे बैठक साधारण आपल्या ढुंगणाच्या उंचीवर येईल अशी गाडी. अशा गाडीत चढायचे नसते आणि उतरायचेही नसते, फक्त सरकून बसायचे असते. छोट्या क्रॉसओव्हर आणि वॅगन पद्धतीच्या उंच गाड्या या कामी येतात. वॅगन म्हणजे जिचे छत थेट मागेपर्यंत गेलेले असते आणि डिकी वेगळी नसते ती. क्रॉसओव्हर म्हणजे साध्या मोटारीच्याच बांधणीची, पण जमिनीपासून जरा उचललेली आणि बैठक उंच केलेली गाडी.

लोकांनी हे आपापल्या अनुभवाने ओळखलेले दिसते. २०२४ साली देशात सर्वाधिक विकली गेलेली मोटार टाटा पंच ही छोटी क्रॉसओव्हर होती आणि दुसरी मारुती वॅगन आर. आपल्याकडे उंच छताच्या छोट्या गाड्या १९९८-९९ पासून आल्या. सुरुवातीला लोक त्यांना 'डबा' म्हणून हसले. पण घरातली आजी दार उघडून आपली आपण बसते, हे पाहिल्यावर हसणे थांबले. खरे तर हे नवे नाही. जुनी अँबॅसिडर आठवा. तिची बैठक घरच्या सोफ्यासारखी उंच होती, आणि धोतर-टोपीतले आजोबा तिच्यात ऐटीत बसत आणि ऐटीत उतरत.

चालवणाऱ्याची पाठ

रोज तालुक्याला ये-जा करणाऱ्यांचाही यात विचार आहे. ठेंगण्या गाडीत पाय समोर लांब करून बसावे लागते. मांड्यांना आधार मिळत नाही, कमरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि माणूस पोक काढून बसतो. उंच बैठकीत पाय खाली येतात, मांड्या टेकतात आणि पाठ ताठ राहते. पाठ थोडीशी मागे रेललेली आणि कमरेच्या खोबणीला आधार, ही बैठक चकत्यांना सर्वांत कमी ताण देते.

दुसरा मुद्दा हादऱ्यांचा. बसलेल्या माणसाच्या पाठीचा कणा सेकंदाला सुमारे चार ते सहा वेळा होणाऱ्या कंपनांना सर्वांत जास्त प्रतिसाद देतो, आणि खडबडीत रस्त्यावर नेमकी अशीच कंपने भरपूर मिळतात. जमिनीपासून उंच गाडी गतिरोधकाला घासत नाही हे खरे. पण उंच गाडी मऊच चालते असे मात्र नाही. काहींच्या स्प्रिंग कडक असतात. तेव्हा गाडी शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर नव्हे, आपल्या गल्लीतल्या खड्ड्यांतून चालवून पाहावी.

सामान उचलताना

भरलेला घरगुती गॅस सिलिंडर सुमारे तीस किलोचा असतो. डिकीवाल्या गाडीत असे ओझे आधी उंच काठावरून पलीकडे न्यायचे आणि मग वाकून खोल खाली ठेवायचे. कंबर धरण्याची ही हमखास वेळ. मागचे दार पूर्ण वर उघडणाऱ्या गाडीत, तळ काठाच्या पातळीत असेल तर, ओझे टेकवून नुसते आत ढकलता येते. धान्याची पिशवी असो वा घडीची चाकाची खुर्ची, फरक लगेच कळतो. मात्र वॅगनमध्ये सामान आणि माणसे एकाच खोलीत असतात. जड वस्तू सीटच्या पाठीवर रचू नये. जोराचा ब्रेक लागला तर ती डोक्यावर येते.

फार उंच तीही नको

हे वाचून कोणी थेट सर्वांत मोठी एसयूव्ही घ्यायला निघाले, तर त्यांना थांबवायला हवे. ठेंगण्या बांध्याच्या बाईला साडी सावरत तशा गाडीत चढणे म्हणजे बैलगाडीवर चढण्यासारखेच. उतरताना पाय जमिनीला लागण्याआधी तोल जातो आणि म्हातारपणी पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडण्याची भीती.

धोका रस्त्यावरच्या माणसालाही असतो. अमेरिकेतील आयआयएचएस या रस्ते सुरक्षा संस्थेने २०२३ साली जाहीर केलेल्या अभ्यासात, ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्यांची धडक, ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांच्या तुलनेत पादचाऱ्याच्या जिवावर बेतण्याचे प्रमाण सुमारे ४५ टक्के अधिक आढळले. उंच गाडीसमोर किंवा मागे उभे असलेले लहान मूल चालकाला दिसत नाही. अंगणात मुले खेळत असतील तर गाडी मागे घेण्यापूर्वी खाली उतरून एक फेरी मारावी. शिवाय उंच गाडीचा तोल वळणावर लवकर ढळतो, म्हणून वेग आवरता ठेवावा.

घेण्यापूर्वी एवढे करून पाहा

१. घरातील सर्वांत वयस्कर किंवा दुखणाईत माणसाला सोबत न्या आणि तिच्यात पाच वेळा बसा-उतरायला सांगा. एकदा पुरत नाही.

२. गाडीशेजारी उभे राहा. बैठकीची कड मांडीच्या मध्यापासून ढुंगणापर्यंतच्या पट्ट्यात यावी. गुडघ्याजवळ आली तर ठेंगणी, कमरेपर्यंत आली तर फार उंच.

३. मागच्या सीटवरही बसून पाहा. आई-वडील बहुतेक तिथेच बसतात. दार किती उघडते तेही बघा.

४. चालकाची सीट वर-खाली होते का ते पाहा. छातीचे हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान दहा इंच अंतर हवे, नाहीतर एअरबॅगच इजा करते.

५. डोक्यामागचा आधार कानाच्या वरच्या कडेपर्यंत यायला हवा. पट्टा पुढे बसणाऱ्यांनी लावावा, तसाच मागे बसणाऱ्यांनीही.

गाडी बदलणे शक्य नसेल तर

प्रत्येकाला गाडी बदलता येत नाही, आणि त्याची गरजही नसते. बसण्याची रीत बदलली तरी निम्मा त्रास कमी होतो. आधी गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेवर बसा, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत घ्या. उतरताना आधी दोन्ही पाय बाहेर, मग दाराच्या चौकटीला धरून उठा. उघड्या दाराला लोंबकळू नका, ते हलते.

ठेंगणी गाडी ओट्याला किंवा फूटपाथला चिकटून उभी करू नका. आपण उंचावर उभे राहिलो की सीट आणखी खाली जाते. फार उंच गाडीला मात्र हाच फूटपाथ पायरीसारखा उपयोगी पडतो. सीटवर पातळ, घट्ट उशी चालेल. मऊ गादी नको, तिच्यामुळे पट्टा पोटावर सरकतो. लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी उतरून चार पावले चाला. ज्यांची खुब्याची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी आपल्या सर्जनना विचारल्याशिवाय ठेंगण्या गाडीत बसू नये.

शेवटी एक सांगायला हवे. गाडी हे औषध नाही. मांडीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम आणि वजनावर ताबा, याला पर्याय नाही.

त्या बाईंना आम्ही दवाखान्याच्या आवारातच, मुलाच्या त्याच गाडीत, पाठ करून बसायला आणि दोन्ही पाय एकत्र फिरवायला शिकवले. व्यायाम सुरू झाले. दिवाळीनंतर त्या आल्या तेव्हा स्वतःच्या स्वतः उतरल्या, जरा वेळ लागला एवढेच. मुलगा बाजूला उभा होता. म्हणाला, "डॉक्टर, पुढची गाडी आई पसंत करेल." आई नको म्हणते तेव्हा ती का नको म्हणते, हे विचारायला मात्र नवी गाडी लागत नाही.