रात्रीची फाइल आणि तिची पोच

सांगली आणि मिरज यांच्या मधलं विश्रामबाग नदीपासून जरा उंचावर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा हा फरक सगळ्यांच्या लक्षात आला. पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. गणपती पेठ, मारुती रोड पाण्यात, आणि तळमजल्यावर जे जे होतं ते सगळं पाण्यात: माल, वह्या, संगणक. त्याआधी २००५ च्या पुराने हरिपूरच्या हळदीच्या पेवांची दैना केली होती. पुन्हा २०२१ मध्ये पाणी आलंच. माल रातोरात हलवता येत नाही. हिशेब मात्र हलवता येतो, तोही रोज, कुणी जागं न राहता. हे काम करणारी एक बिनचेहऱ्याची यंत्रणा आहे, आणि या गावात तिची ओळख प्रत्येक पतसंस्थेला, दवाखान्याला, दुकानाला असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

ही यंत्रणा विकत आणायची नसते. लिनक्सच्या बहुतेक साध्या संगणकांवर ती आधीपासून असते किंवा फुकट बसवता येते: शेल, क्रॉन, एसएसएच आणि आरसिंक. शेल म्हणजे हुकूम लिहून द्यायची जागा. रोज हाताने द्यायचे तेच हुकूम एका फाइलीत ओळीने लिहिले की झाली शेल स्क्रिप्ट. क्रॉन घड्याळ बघून ती चालवतो. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत बॉर्न शेल आणि क्रॉन दोन्ही होते, आणि त्यांचे वंशज आजही तेच काम करताहेत. एवढ्या काळात आपण किती संगणक भंगारात घातले ते आठवून बघा.

फाइल पाठवण्याचा इतिहास याहून जुना, आणि त्यात एक भारतीय नाव ठळक आहे. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले अभय भूषण पुढे एमआयटीत गेले आणि एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी फाइल पाठवण्याच्या नियमांचा, म्हणजे एफटीपीचा, पहिला मसुदा लिहिला. त्या काळी जाळ्यावरचे संगणक मोजके आणि एकमेकांच्या ओळखीचे, त्यामुळे एफटीपीतून पासवर्ड उघडाच जायचा. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कुणीतरी असे उघडे पासवर्ड चोरले आणि तिथल्या तातू यलोनेन यांनी सगळी देवघेव कुलूपबंद करून पाठवणारं एसएसएच लिहिलं. एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेटचा २३. मधला २२ मोकळा होता, तो त्यांनी मागितला आणि मिळाला. १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी ओपनएसएसएच आणलं, तेच आज बहुतेक ठिकाणी चालतं. फाइल पाठवणारं एसएफटीपी त्याच्याच पोटात येतं. आरसिंक अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांचं, १९९६ चं. मोठ्या फाइलीत जेवढं बदललं तेवढंच ते पाठवतं, म्हणून कमी वेगाच्या इंटरनेटवरही वर्षांचे हिशेब रोज रात्री गावाबाहेर जाऊ शकतात.

विश्रामबागेत हे शिकण्याची सोय दारात आहे. धोंडूमामा साठे यांनी १९४७ मध्ये सुरू केलेलं न्यू इंजिनिअरिंग कॉलेज १९५५ मध्ये वालचंद कॉलेज झालं. तिथल्या विद्यार्थ्यांचा वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप आहे, आणि एका वर्गाने पुढच्या वर्गाला हात धरून शिकवायचं ही त्यातली खरी कमाई. काळ्या पडद्यावर पहिली स्क्रिप्ट चालली की मुलांचे चेहरे उजळतात. पण ती चालणं ही निम्मीच गोष्ट. मध्यरात्री, समोर कुणी नसताना ती चालते का, इथे खरी परीक्षा असते.

एक उदाहरण घेऊ. साखर कारखान्याला ऊस गेल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला एफआरपीचे, म्हणजे रास्त व किफायतशीर दराचे, पैसे द्यावे लागतात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचं ते बंधन आहे. समजा, कारखान्यातून बँकेकडे रोज रात्री दीड वाजता ऊसबिलांची यादी जायची आहे: खातेदाराचं नाव, खाते क्रमांक, रक्कम. क्रॉनटॅबमध्ये ओळ पडते ३० १ * * *, म्हणजे मिनिट ३०, तास १, तारीख-महिना-वार कोणताही. पुढे स्क्रिप्टचा पत्ता. दिवसा हाताने चालवली तर स्क्रिप्ट बिनचूक चालते. रात्री मात्र काहीच जात नाही.

कारणं बहुतेक ठरलेली असतात. क्रॉन स्क्रिप्टला आपल्यासारखं सजलेलं घर देत नाही. हुकूम कुठल्या फोल्डरात शोधायचे याची त्याच्याकडची यादी तोकडी असते. म्हणून प्रत्येक हुकुमाचा पूर्ण पत्ता लिहायचा. दुसरं कारण फार छळतं. फाइलीच्या नावात तारीख यावी म्हणून लोक तारखेचा हुकूम थेट क्रॉनटॅबच्या ओळीत लिहितात, त्यात टक्क्याचं चिन्ह असतं, आणि क्रॉनच्या लेखी टक्का म्हणजे ओळ तिथेच तुटली. तारीख स्क्रिप्टच्या आत ठेवली की प्रश्न मिटतो. तिसरं कारण घड्याळ. भाड्याचा सर्व्हर जागतिक वेळेवर असेल तर आपल्या दीडला तिथे आदल्या दिवसाचे रात्रीचे आठ वाजलेले असतात. क्रॉनटॅबमधली वेळ त्याप्रमाणे बदलली तरी फाइल जाते ती कालच्या तारखेने, आणि बँकेतला माणूस म्हणतो, आजची यादी आलीच नाही.

पासवर्डचं काय? तो स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवणारे आजही भेटतात. तसं करू नये. एसएसएचमध्ये किल्ल्यांची जोडी बनवतात: खाजगी किल्ली आपल्या संगणकावर, तिची सार्वजनिक जोडीदार बँकेकडे. खाजगी किल्ली इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच ती वापरायलाच नकार देतं, आणि हा त्याचा हट्ट मला फार आवडतो. या किल्लीने फक्त एका फोल्डरात फाइल ठेवता यावी, बाकी काही नाही, असं बंधन पलीकडून घालता येतं आणि ते घालावंच, कारण रात्रीच्या किल्लीला पासवर्ड टाकायला कुणी बसलेलं नसतं. पहिल्या भेटीत एसएसएच विचारतं, हा सर्व्हर ओळखीचा आहे का? रात्री उत्तर द्यायला कोण असणार! मग लोक वैतागून ती तपासणीच बंद करतात. त्यापेक्षा बँकेला फोन करून सर्व्हरच्या किल्लीचा ठसा एकदा ताडून घ्यावा आणि नोंदवून ठेवावा. नाहीतर यादी भलत्याच दारात जाऊन पडली तरी कळायचं नाही.

आता यादी निघाली. वाटेत लाइन तुटली आणि अर्धीच पोचली तर? पलीकडचा प्रोग्राम फोल्डरात फाइल दिसताक्षणी उचलतो. अर्ध्या खातेदारांच्या खात्यात पैसे पडतात, उरलेले कारखान्याच्या गट ऑफिसात विचारत बसतात. उपाय जुना आणि साधा आहे: फाइल तात्पुरत्या नावाने चढवायची, पूर्ण चढली की खरं नाव द्यायचं. नाव एका झटक्यात बदलतं, त्यामुळे उचलणाऱ्याला पुरीच फाइल मिळते. सोबत तिची शा-२५६ बेरीज वेगळ्या छोट्या फाइलीत पाठवायची. मजकुरातलं एक अक्षर हललं तरी बेरीज जुळत नाही.

एवढं करूनही मला समाधान नसतं, आणि कुणाचं असू नये. हुकूम शून्य हा आकडा देऊन संपला की काम झालं असं शेल मानतं. पण नळी लावून चार हुकूम जोडले की शेल फक्त शेवटच्याचा आकडा बघतं. पहिला फसला तरी बाहेर सगळं हिरवं. त्यासाठी पाइपफेल नावाची सोय बॅशमध्ये आहे, ती स्क्रिप्टच्या माथ्यावरच लावावी. आणि फाइल गेली यापेक्षा ती पोचली हे महत्त्वाचं. कार्यालयात कागद देताना आपण पोच घेतो, शिक्का मारून घेतो. इथेही तसंच हवं: पलीकडून एक छोटी फाइल परत यावी, इतके खातेदार मिळाले, एकूण रक्कम इतकी. आपली स्क्रिप्ट ती उघडून आकडे ताडून बघेल. पहाटेपर्यंत पोच आली नाही तर फोनवर निरोप जाईल. बिघाड झाला तरच निरोप, अशी व्यवस्था अपुरी आहे. वीज गेली आणि संगणकच बंद पडला तर निरोप पाठवणार कोण? म्हणून पोचेची वाट बघणारं दुसरं यंत्र वेगळ्या जागी असावं. क्रॉन तर चुकलेली वेळ नंतर भरूनही काढत नाही. त्यासाठी अॅनाक्रॉन किंवा सिस्टमडीचा टायमर लागतो.

कायद्यानेही यातलं काही आता सक्तीचं केलंय. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांना यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवून ठेवावी लागतात. कोणती फाइल किती वाजता गेली हे शाबीत करायची वेळ येते तेव्हा या दोन गोष्टीच कामाला येतात.

हिशेब गावाबाहेर नेणाऱ्या आरसिंकबद्दल मात्र कळकळीने सांगायचंय. मूळ फोल्डरातून जे गेलं ते प्रतीतूनही काढून टाक, असा पर्याय त्यात आहे, आणि नीटनेटकेपणाच्या हौसेने तो लावला जातो. मग इथे कुणी चुकून फोल्डर उडवला, किंवा खंडणीखोर व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या, की रात्री ती आपत्ती इमानेइतबारे गावाबाहेरच्या सर्व्हरवरही पोचते. म्हणून रोजच्या तारखेची प्रत वेगळी ठेवावी, आणि जमलं तर बाहेरच्या सर्व्हरने ती ओढून न्यावी. आपल्या संगणकाकडे तिथलं पुसण्याचा अधिकारच नको. महिन्यातून एकदा त्यातली एक फाइल परत आणून उघडून बघावी. वही उघडते, आकडे दिसतात, गेल्या आठवड्याची शिल्लक जुळते, तोवर त्या प्रतीला प्रत म्हणू नये.

राहिला माणसाचा प्रश्न. या स्क्रिप्ट लिहिणारी पोरं वर्ष-दोन वर्षांत पुण्याला, बंगळुरूला जातात. स्क्रिप्ट इथेच राहते, रोज रात्री चालते, आणि बिघाडाचा निरोप गेलेल्या मुलाच्या बंद पडलेल्या ईमेलवर जात राहतो. स्क्रिप्टमध्ये हॅशच्या चिन्हाने सुरू होणारी ओळ शेल हुकूम म्हणून वाचत नाही, ती माणसासाठी असते, आणि तिथे मराठी बिनदिक्कत लिहिता येतं. तर प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला मराठीत चार ओळी असाव्यात: ही फाइल कुणासाठी जाते, दीडचीच वेळ का ठेवली, किल्ली कधी बदलायची, आणि पोच आली नाही तर सकाळी बँकेत कोणत्या टेबलावर फोन करायचा.