केव्हीएममध्ये कुठलं कुलूप कुठे?

मौनी विद्यापीठाच्या आयसीआरईत शिकणाऱ्या आणि लिनक्स कर्नल वाचायला घेतलेल्या गारगोटीकर मित्रांनो, ही पोस्ट तुमच्यासाठी.

केव्हीएम, म्हणजे लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय, २००७ मध्ये लिनक्स २.६.२० सोबत कर्नलमध्ये आलं. त्यात लॉक निवडताना पहिला प्रश्न वेगाचा नाहीच. हा कोड मध्येच झोपू शकतो का? झोपणार असेल तर स्पिनलॉक बाद.

मेमस्लॉट, म्हणजे गेस्टच्या (आत चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनच्या) मेमरीचा नकाशा, सतत वाचला जातो, बदलतो क्वचित. इथे आरसीयू (वाचणाऱ्याला लॉकसाठी थांबावं न लागणारी पद्धत) सुचतं. पण गेस्टची मेमरी वाचताना पेज फॉल्ट येऊन वाचणारा झोपू शकतो, आणि साध्या आरसीयूत ते चालत नाही. म्हणून तिथे एसआरसीयू, म्हणजे वाचणाऱ्याला झोपू देणारं आरसीयू, आहे. बदलणारा नवी यादी तयार करून पॉइंटर फिरवतो आणि जुने वाचक बाहेर पडेपर्यंत थांबतो. वाचणारा कुणासाठीच अडत नाही. मला केव्हीएममधली हीच रचना सर्वांत देखणी वाटते! बदलणाऱ्यांमध्ये आपसांत मात्र म्युटेक्स लागतोच.

गेस्टच्या पेज टेबलांची राखण करणाऱ्या एमएमयू लॉकचं दुखणं वेगळं. अनेक व्हर्च्युअल सीपीयू एकदम पेज फॉल्ट आणतात तेव्हा एका स्पिनलॉकवर कोंडी होते. म्हणून २०२१ मध्ये, ५.१२ आवृत्तीत, एक्स८६वर तो रीड-राइट लॉक झाला.

कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमधला केव्हीएम लॉकिंगचा भाग आधी वाचा. कोणता लॉक कोणत्या क्रमाने घ्यायचा, ते तिथे दिलंय.