बटणावरचे चित्र आणि त्यामागचे अक्षर

मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या, परंतु वापरताना स्वतंत्र ॲपसारख्या भासणाऱ्या संकेतस्थळांना मोबाइल वेब ॲप म्हणतात. पडदा लहान आणि कामे पुष्कळ असल्यामुळे शोधणे, मागे जाणे, जतन करणे, काढून टाकणे अशा नेहमीच्या क्रिया या ॲपमध्ये बहुधा शब्दांऐवजी चित्रांनी दाखवल्या जातात. म्हणूनच भिंग, बाण, घर, कचऱ्याचा डबा यांची ओळख आता शाळकरी मुलांपासून वृद्धांपर्यंत बहुतेकांना झालेली आहे. यांतील कितीतरी चित्रे तांत्रिकदृष्ट्या चित्रे नसून अक्षरे असतात, ती छायाचित्राच्या फाइलमधून नव्हे तर फाँटमधून येतात, आणि अशा फाँटला आयकॉन फाँट म्हणतात, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षात येत नाही.

हे कसे घडते ते समजण्यासाठी संगणकातील अक्षराचे दोन भाग वेगळे करून पाहावे लागतात. संगणक साठवतो तो अक्षराचा संकेतांक, म्हणजे त्याला नेमून दिलेला क्रमांक, आणि डोळ्यांना दिसते ते त्या क्रमांकाचे रूप. युनिकोड या जागतिक प्रमाणात ‘म’ या अक्षराचा दशमान संकेतांक २३५० आहे आणि तो कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही फाँटमध्ये २३५०च राहतो. फाँटची फाइल त्या क्रमांकासाठी कोणत्या वक्ररेषा काढायच्या एवढेच सांगते. युनिकोडने ५७३४४ ते ६३७४३ हे ६४०० क्रमांक मुद्दाम कोणत्याही लिपीला न देता खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, आणि बहुतेक आयकॉन फाँट आपली चित्रे तेथेच बसवतात. ‘फाँट ऑसम’ या लोकप्रिय संचात भिंगाचा क्रमांक ६१४४२ आहे. या क्रमांकाला त्या फाँटच्या बाहेर कोणताही सर्वमान्य अर्थ नाही. तो भिंग आहे हे केवळ त्या एका फाइलला ठाऊक असते.

ही युक्ती रूढ झाली त्याला त्या काळी सबळ कारणे होती. ठिपक्यांनी बनलेले चित्र मोठे केले की त्याच्या कडा फाटतात, आणि २०१० मध्ये आयफोन ४ पासून एका इंचात ३२६ ठिपके मावणारे पडदे आल्यावर जुनी बटणे एकाएकी धूसर दिसू लागली. फाँटमधील अक्षर मात्र रेषांच्या गणिताने साठवलेले असल्यामुळे कितीही मोठे केले तरी रेखीव राहते, त्याचा रंग एका ओळीच्या सूचनेने बदलता येतो आणि शेकडो चिन्हे एकाच फाइलमधून उतरतात. प्रत्येक चित्रासाठी सर्व्हरकडे वेगळी मागणी नोंदवावी लागत नाही. रेषाचित्रांसाठी एसव्हीजी हे स्वतंत्र प्रमाण वेबच्या प्रमाणसंस्थेने २००१ मध्येच मान्य केले होते, परंतु अँड्रॉइडच्या मूळ ब्राउझरला ते तिसऱ्या आवृत्तीपर्यंत दाखवता येत नव्हते, आणि भारतात तेव्हा विकले जाणारे स्वस्त फोन त्याहून जुन्या आवृत्तीवर चालत. अशा वेळी २०१२ मध्ये डेव्ह गँडी यांनी ‘बूटस्ट्रॅप’ या साधनसंचासाठी ‘फाँट ऑसम’ तयार केला आणि २०१४ मध्ये गूगलने सुमारे ७५० चिन्हांचा ‘मटेरियल आयकॉन्स’ हा संच खुला केला, तेव्हा वेब ॲप बनवणाऱ्यांनी तो मार्ग धरला यात नवल नाही.

मराठी वाचकाने ही युक्ती त्याआधी अनेक वर्षे सोसलेली आहे. युनिकोड सर्वत्र रुजण्यापूर्वी देवनागरी मजकूर संगणकावर उमटवणारे बहुतेक फाँट इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीची रूपे बसवत असत. ‘कृतिदेव’ या फाँटमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिला की संगणकात प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरे साठवली जातात. ‘ई’च्या जागी ‘म’, ‘जे’च्या जागी ‘र’, ‘के’च्या जागी काना, मोठ्या ‘बी’च्या जागी ‘ठ’ आणि ‘एच’च्या जागी दीर्घ वेलांटी काढलेली असते, एवढेच. तो फाँट ज्या यंत्रावर नसेल तेथे या शब्दाच्या जागी पाच निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात, शोधयंत्राला तो शब्द सापडत नाही आणि वाचून दाखवणारे यंत्र ती इंग्रजी अक्षरेच उच्चारते. मराठी दैनिकांच्या आरंभीच्या संकेतस्थळांवर बातमी वाचण्यापूर्वी त्या त्या दैनिकाचा फाँट उतरवून घेण्याची सूचना असे, ती याच कारणाने.

रुपयाच्या चिन्हाची कथा याहून बोलकी आहे, कारण तिच्यात आजार आणि उपचार दोन्ही काही महिन्यांच्या अंतराने दिसतात. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात संशोधन करणारे डी. उदय कुमार यांनी रेखाटलेले चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. लगोलग मंगळूरच्या फोरेडियन या कंपनीने ते चिन्ह असलेला फाँट उपलब्ध करून दिला. त्यात टॅबच्या वरच्या कळीवरील, उलट्या अवतरणासारख्या दिसणाऱ्या खुणेच्या जागी रुपया बसवला होता. उत्साहाच्या त्या दिवसांत तो उपयुक्तही ठरला, पण तो फाँट नसलेल्या संगणकावर रकमेपुढे रुपयाऐवजी ती तिरपी खूणच दिसे. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या सहाव्या आवृत्तीने रुपयाला ८३७७ हा स्वतःचा क्रमांक दिला आणि प्रश्न मुळातून सुटला. आयकॉन फाँटने ज्या बाबतीत हा जुना आजार नव्याने आणला ती बाब हीच आहे: रूप आहे, पण त्याला सर्वांना समजेल अशी ओळख नाही.

याचे परिणाम कोठे जाणवतात हे पाहण्यासाठी बिडकीनचे उदाहरण उपयोगी पडते. छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पैठण तालुक्यातील या मोठ्या गावालगत, दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्याचा भाग म्हणून ७,८५५ एकरांचे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले असून २९ सप्टेंबर २०२४ रोजी ते राष्ट्राला अर्पण करण्यात आले. एका बाजूला या औद्योगिक नगरीची आखणी आहे, तर दुसऱ्या बाजूला सातबारा मोबाइलवर पाहणारा आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत आपल्या शेताची नोंद स्वतः करणारा शेतकरी आहे. कारखान्यातील कामगार, भूखंडासाठी अर्ज करणारा उद्योजक आणि बांधावर उभा असलेला शेतकरी या तिघांचाही शासनाशी होणारा व्यवहार आता पडद्यावरील बटणांतून होतो. आणि तिसऱ्याच्या हातातील फोन स्वस्त असण्याची, त्याच्या शिवारात नेटवर्क अधूनमधून तुटण्याची शक्यता पहिल्या दोघांपेक्षा अधिक असते.

नेटवर्क मंद असेल तर फाँटची फाइल उशिरा पोहोचते, आणि तोपर्यंत ब्राउझर त्या फाँटमधला मजकूर साधारणपणे तीन सेकंद अदृश्य ठेवतो, म्हणजे बटणाची जागा दिसते पण बटण कशाचे ते दिसत नाही. त्यानंतरही फाइल आली नाही, तर ब्राउझर दुसऱ्या फाँटमध्ये ६१४४२ हा क्रमांक शोधतो, तेथे काही नसल्यामुळे रिकामा चौकोन काढतो, आणि शोध, जतन व काढून टाकणे या तिन्ही बटणांवर एकसारखे तीन चौकोन उमटतात. डेटा वाचवण्यासाठी भारतात दीर्घकाळ वापरला गेलेला ‘ऑपेरा मिनी’ हा ब्राउझर तर कमाल बचतीच्या पद्धतीत वेब फाँट उतरवतच नाही. काही क्रमांकांवर आणखी एक विचित्र प्रकार घडत असे: जपानी दूरध्वनी कंपनीच्या प्रथेनुसार आरंभीच्या आयफोनमध्ये इमोजी याच खासगी क्षेत्रात बसवलेले होते, त्यामुळे आयकॉन फाँटच्या चिन्हाऐवजी भलतेच रंगीत चित्र प्रकट होई.

गूगलच्या संचाने यावर वेगळा उपाय काढला आणि तो तांत्रिकदृष्ट्या सुंदर आहे. देवनागरीत ‘क’, हलन्त आणि ‘ष’ एकापुढे एक आले की फाँट त्यांच्या जागी ‘क्ष’ हे एकच रूप ठेवतो. हा बदल फाँटमधील प्रतिस्थापनाची सारणी घडवून आणते. ‘मटेरियल आयकॉन्स’मध्ये हीच सारणी वापरून ‘होम’ या शब्दाची चार इंग्रजी अक्षरे एकत्र आली की त्यांच्या जागी घराचे चित्र ठेवले जाते, म्हणजे ते चित्र एका अर्थाने इंग्रजी शब्दाचे जोडाक्षर असते. येथे निदान क्रमांकामागे अर्थ आहे. परंतु मराठी वापरकर्त्यासाठी हाच उपाय अपाय ठरू शकतो. इंग्रजी पान ब्राउझरच्या यांत्रिक अनुवादाने मराठीत आणले, की यंत्र बटणामागचा तो शब्दही अनुवादित करते. ‘होम’चे ‘घर’ होते, फाँटला हवी असलेली इंग्रजी अक्षरे नाहीशी होतात आणि चित्र मोडून बटणाच्या चौकटीबाहेर सांडलेला शब्द उरतो. अनुवाद करू नये अशी खूण त्या घटकावर करून हे टाळता येते, पण ज्याला मराठीची गरज आहे त्याच्याच पडद्यावर बटण मोडावे, ही रचना मुळात योग्य म्हणता येत नाही.

दृष्टिहीन वापरकर्त्याची अडचण त्याहून गंभीर आहे. अँड्रॉइडमधील ‘टॉकबॅक’सारखा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारा सहायक, बटणापाशी बोट येताच त्याचे नाव उच्चारतो, खासगी क्रमांकाला नाव नसल्यामुळे तो एकतर गप्प राहतो किंवा केवळ ‘बटण’ एवढेच म्हणतो. म्हणून चित्र स्क्रीन रीडरपासून झाकून ठेवणे आणि बटणाला ‘शोधा’ किंवा ‘नोंद काढून टाका’ असे स्पष्ट मराठी नाव देणे, ही दोन्ही कामे कोडमध्ये वेगळी करावी लागतात, आणि घाईच्या कामात नेमकी तीच राहून जातात. वाचन-अक्षमता असलेले काही वाचक सर्व मजकूर स्वतःला सोयीच्या फाँटमध्ये वाचतात. त्यांनी फाँट बदलला की आयकॉन फाँटची सगळी चिन्हे एकदम नाहीशी होतात. भारतात दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ पासून आहे, आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच ही संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग ठरवलेली आहे. बिननावाच्या बटणाला त्यामुळे केवळ सौंदर्याचा दोष समजता येणार नाही.

अक्षररचनेच्या अंगानेही एक बारीक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे, कारण ती मराठी ॲपमध्येच डोळ्यांना खुपते. रोमन अक्षरे खालच्या आधाररेषेवर उभी राहतात आणि आयकॉन फाँटची चिन्हे त्याच हिशेबाने बसवलेली असतात; देवनागरी अक्षरे शिरोरेषेला लटकतात, त्यांच्या वर वेलांटी व मात्रा आणि खाली उकार येतात, त्यामुळे देवनागरी फाँटला ओळीची उंची अधिक लागते. परिणामी ‘शोधा’ या शब्दाशेजारचे भिंग शब्दाच्या मध्याशी न जुळता किंचित वर किंवा खाली सरकलेले दिसते, आणि ते जुळवण्यासाठी प्रत्येक बटणावर डागडुजी करावी लागते.

या सर्व अडचणींवर आजचा उपाय एसव्हीजी हाच आहे, आणि तो अवघडही नाही. चोवीस बाय चोवीसच्या काल्पनिक चौकटीत डावीकडून ५ आणि वरून १२ या बिंदूवर लेखणी टेकवून, तेथून १०, १७ या बिंदूपर्यंत आणि पुढे २०, ७ या बिंदूपर्यंत रेघ ओढली की ‘बरोबर’ची खूण तयार होते, ही संपूर्ण आकृती कोडमध्ये एका लहानशा ओळीत मावते आणि पानाबरोबरच पोहोचते. तिला वेगळी फाइल लागत नाही, ती फाँट बदलल्याने हरवत नाही, अनुवादाने मोडत नाही, तिचे भाग वेगवेगळ्या रंगांत रंगवता येतात आणि तिला स्वतःचे नाव देता येते. २०१५ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीटीपीच्या दुसऱ्या आवृत्तीने एकाच जोडणीतून अनेक फाइली एकत्र आणण्याची सोय केल्यावर ‘एकच फाइल’ हा आयकॉन फाँटचा मोठा फायदाही फारसा उरला नाही. ‘गिटहब’ या प्रोग्रॅमरांच्या जगप्रसिद्ध व्यासपीठाने फेब्रुवारी २०१६ मध्ये आपली सर्व चिन्हे फाँटमधून काढून एसव्हीजीत आणली, त्याला आता दशक लोटत आले आहे.

याचा अर्थ आयकॉन फाँट सर्वत्र त्याज्य आहे असा नव्हे. कारखान्याच्या आत, ठरावीक यंत्रांवर आणि खात्रीच्या नेटवर्कवर चालणाऱ्या ॲपमध्ये फाँट आधीच बसवून ठेवता येतो, आणि तेथे तो निमूटपणे काम करतो. सार्वजनिक सेवेच्या बटणांसाठी मात्र तो निवडू नये, असे आजच्या ज्ञानाच्या आधारे ठामपणे म्हणता येते. बटणाचा आकारही चित्राइतकाच महत्त्वाचा असतो: वेबच्या सुगम्यतेच्या २०२३ मधील निकषांनुसार स्पर्शाची जागा किमान २४ बाय २४ एककांची हवी, आणि अँड्रॉइडची शिफारस तर ४८ एककांची आहे, शेतीकामाने रापलेल्या बोटांसाठी दुसरा आकडाच खरा मानणे योग्य होईल. ओळखीच्या चित्राखालीही त्याचा मराठी शब्द असावा, कारण तीन आडव्या रेघा म्हणजे ‘यादी’ हे ज्याला कोणी कधी सांगितलेच नाही त्याला त्या केवळ तीन रेघा असतात.

मराठी वेब ॲप बनवणाऱ्यांनी आपले काम लोकांच्या हाती देण्यापूर्वी फाँट उतरणे बंद करून, पानाचा यांत्रिक अनुवाद करून आणि टॉकबॅक सुरू ठेवून डोळे मिटून, अशा तीन प्रकारे प्रत्येक बटण एकदा तपासावे, आणि जे बटण यांपैकी एका जरी परीक्षेत मुके ठरेल ते बदलल्याशिवाय ॲप प्रकाशित करू नये.